एजन्सीच्या वेबसाइटवर प्रॉपर्टी सर्च कोणता घ्यावा: खानदेशातल्या एजंटांसाठी

वेबसाइटवाला डेमो दाखवतो तेव्हा सर्च नेहमी झकासच चालतो. डेमोत दोनशे फ्लॅट असतात, प्रत्येकाचे फोटो असतात, बेडरूम, बाथरूम, पार्किंग सगळे रकाने भरलेले असतात. आपल्या एजन्सीच्या वहीत मात्र पिंप्राळ्याचा ओपन प्लॉट असतो, देवपुरातलं रो हाऊस असतं, भुसावळच्या जामनेर रोडवरचा दुकान गाळा असतो आणि यावल तालुक्यातली तीन एकर बागायत असते. निम्म्यांचा भाव 'बैठकीत ठरेल'. हा माल त्या डेमोत घातला की सर्च अडखळतो. म्हणून डेमो बघण्याआधी आपला माल आणि आपलं गिऱ्हाईक नीट मांडून घ्या.

लिस्टिंग, म्हणजे साइटवर टाकलेल्या जागा, चाळीसच्या आत असतील तर सर्च घेऊच नका. प्लॉट, घर-फ्लॅट, दुकान-गाळा, शेती अशी चार बटणं आणि प्रत्येकाखाली नव्यापासून जुन्याकडे जाणारी यादी एवढं पुरतं. चाळीस लिस्टिंगवर सहा फिल्टर लावले की दर दुसऱ्या शोधाला 'काहीही सापडले नाही' येतं आणि माणूस परत जातो. पुढचं सगळं त्याहून मोठी यादी असणाऱ्यांसाठी.

आधी फोनची वही

महिनाभर आलेला प्रत्येक फोन चार रकान्यांत लिहा: काय हवं, कुठे हवं, केवढ्यात हवं आणि बोलणं कशावर अडलं. चौथा रकाना सगळ्यात कामाचा. 'एनए (बिगरशेती) आहे का', 'कर्ज होईल का', 'नळाला पाणी किती दिवसांनी येतं', 'रस्ता किती फुटी', 'पूर्वमुखी आहे का' हे प्रश्न तिथे जमतात. आपल्या गिऱ्हाइकाला कोणते फिल्टर हवेत ते या रकान्यातून कळतं, प्लगइनच्या (साइटला जोडायच्या तयार सर्चच्या) जाहिरातीतून नाही.

वारंवार येणारे चार प्रश्न वर ठेवा आणि बाकीचे 'आणखी' या बटणामागे टाका. विक्री की भाडे हा प्रश्न सगळ्यांच्या आधी घ्या. आठ हजार भाडं आणि पंचवीस लाख किंमत एकाच बजेटच्या पट्टीत बसत नाहीत.

ज्या रकान्याची माहिती दहापैकी किमान आठ लिस्टिंगमध्ये भरलेली नाही, त्याचा फिल्टर ठेवू नका. कारण साधं आहे. गिऱ्हाइकाने 'पूर्वमुखी' निवडलं की ज्या प्लॉटची दिशा भरलीच नाही तोही यादीतून गळतो. प्लॉट पूर्वमुखी असला तरी गळतो. तो दिसलाच नाही याची तक्रारही कोणी करत नाही, त्यामुळे चूक वर्षभर लपून राहते. असा रकाना लिस्टिंगच्या पानावर दाखवा आणि फिल्टरमधून काढा.

प्रकार बदलला की रकाने बदलले पाहिजेत

विकत घेताना पहिली चाचणी ही करा. 'प्रकार' मध्ये फ्लॅट निवडा, दोन बेडरूम निवडा, मग प्रकार बदलून शेतजमीन करा. बेडरूमचा रकाना गायब झाला पाहिजे आणि त्याची निवडही पुसली गेली पाहिजे. बरेच स्वस्त प्लगइन रकाना लपवतात पण निवड धरून ठेवतात. मग शेतजमिनीत 'दोन बेडरूम' शोधलं जातं आणि उत्तर शून्य येतं.

फ्लॅटला बीएचके, मजला, लिफ्ट, पार्किंग. ओपन प्लॉटला लांबी-रुंदी, समोरचा रस्ता, कॉर्नर आहे का, एनए आणि ले-आउटची मंजुरी. गाळ्याला दर्शनी रुंदी, तळमजला की वरचा, भाडं असेल तर डिपॉझिट. शेतीला बागायत की जिरायत, विहीर की ट्यूबवेल, वीज जोडणी, पाटाचं पाणी, आणि शेतापर्यंत ट्रॅक्टर जातो का. रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात केळीसाठी जमीन बघणारा माणूस पाण्याचा प्रश्न क्षेत्रफळाच्याही आधी विचारतो. तिथे पाण्याचा स्रोत हा फिल्टर वरच्या चारांत घ्या.

क्षेत्रफळ: इथे सगळ्यात जास्त माल हरवतो

ले-आउटचे प्लॉट मीटरमध्ये आखलेले असतात आणि गिऱ्हाईक चौरस फुटात विचारतं. ९ × १५ मीटरचा प्लॉट म्हणजे १३५ चौरस मीटर, म्हणजे १,४५३ चौरस फूट. बोलताना सगळे त्याला 'दीड हजाराचा प्लॉट' म्हणतात. सर्चमध्ये कोणी 'किमान १,५००' लिहिलं की हा प्लॉट गेला. उपाय असा: सर्च यंत्रणेने दिलेल्या आकड्याच्या खाली-वर ५ टक्के मोकळीक धरावी. १,५०० च्या खाली ५ टक्के म्हणजे १,४२५, त्यात हा प्लॉट बसतो. ही सोय सेटिंगमध्ये आहे का ते विचारा. नसेल तर मोकळ्या आकड्याऐवजी '१,००० ते १,५००', '१,४०० ते २,०००' असे एकमेकांवर चढणारे गट ठेवा.

शेतीचं गणित वेगळं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर-चौरस मीटर असतं, बोलण्यात एकर-गुंठे असतात. लक्षात ठेवायचे आकडे थोडेच आहेत: १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर किंवा १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आरचा हेक्टर, आणि १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर. सातबाऱ्यावर ०.८० हेक्टर असलेलं शेत १.९८ एकर भरतं. 'दोन एकरपासून पुढे' या शोधात तेही गळेल, पुन्हा तीच ५ टक्क्यांची गोष्ट.

आणखी एक सापळा आहे. दोन एकर वीस गुंठे जमीन ऑफिसातला मुलगा '२.२०' अशी भरतो. मशीन ते सव्वादोनच्याही आत धरतं, खरं क्षेत्र अडीच एकर आहे. यादीत दहा-बारा शेतं अशी भरली गेली की भावाचा हिशेबही बिघडतो, कारण एकरी दर चुकीच्या क्षेत्रावर निघतो. म्हणून माहिती भरण्याच्या फॉर्ममध्ये एकर आणि गुंठे यांची दोन वेगळी खणं हवीत आणि गुंठ्याच्या खणात ३९ च्या वरचा आकडा जाता कामा नये. आत साठवताना सगळं चौरस मीटरमध्ये साठवा आणि दाखवताना प्लॉटला चौरस फूट, शेतीला एकर-गुंठे दाखवा. एकच एकक सगळ्यांना लावणारा सर्च खानदेशात कामाचा नाही.

फ्लॅटसाठी कार्पेट क्षेत्र हाच रकाना शोधासाठी वापरा. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यात कार्पेट म्हणजे आतलं वापरण्याजोगं क्षेत्र. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. जुन्या फ्लॅटच्या खरेदीखतात बऱ्याचदा बिल्टअपच, म्हणजे बाहेरच्या भिंतींसकटचं क्षेत्र, लिहिलेलं असतं. अशा वेळी अंदाजाने वजाबाकी करून कार्पेट ठोकून देऊ नका. बिल्टअपचा वेगळा रकाना ठेवा आणि कार्डावर, म्हणजे निकालातल्या त्या जागेच्या चौकटीत, तसा शब्द दिसू द्या.

भाव

'भाव फोनवर' असलेल्या लिस्टिंग हा भावाच्या फिल्टरचा कच्चा दुवा. अशा ठिकाणी फॉर्ममध्ये शून्य भरलं जातं. मग 'स्वस्त ते महाग' लावलं की पहिल्या पानावर सगळे शून्यवाले, आणि 'वीस लाखांपर्यंत' लावलं की त्यात रिंगरोडवरचा दीड कोटीचा बंगलाही हजर. दोन गोष्टी करा. भाव न सांगणाऱ्या लिस्टिंगलाही अंदाजी गट आतल्या आत द्या, तो कार्डावर दाखवू नका. आणि क्रम लावताना भाव नसलेल्या लिस्टिंग शेवटी जातील हे बघा. मायएसक्यूएल डेटाबेस रिकामी किंमत चढत्या क्रमात आपणहून सगळ्यात वर आणतो, त्यामुळे हे मुद्दाम सांगावं लागतं.

प्लॉटचा भाव चौरस फुटावर बोलतात, फ्लॅटचा एकरकमी, शेतीचा एकरी. शोध नेहमी एकूण रकमेवर घ्या आणि दर कार्डावर बारीक अक्षरात दाखवा. सरकवायची पट्टी टाळा. मोबाइलवर अंगठ्याने २२ लाखांवर थांबणं कठीण, आणि पट्टी एक लाखापासून पाच कोटींपर्यंत असेल तर पाच ते तीस लाखांचा सगळा बाजार तिच्या पहिल्या टोकाला चिकटतो. १०, १५, २०, २५, ३५, ५० लाख अशी निवडयादी बरी.

परदेशी थीम (वेबसाइटचा तयार साचा) घेतलीत तर आकडे २,५००,००० असे पडतात. भारतीय पद्धतीने २५,००,००० किंवा सरळ '२५ लाख' दिसलं पाहिजे. वेबसाइटवाल्याला सांगताना इंग्रजी-भारत हे सेटिंग मागा. मराठी-भारत लावलं तर ब्राउझर आकडे देवनागरीत दाखवतो. दिसायला ते चांगलंच, पण मग गिऱ्हाइकाने '२५' असं देवनागरीत टाइप केलेलंही सर्चला कळायला हवं. फक्त अंक घेणारा साचेबंद खण देवनागरी अंक स्वीकारत नाही, म्हणून साधा मजकूर-खण घेऊन आत अंक बदलून घ्यावे लागतात.

गावाचं, कॉलनीचं, रस्त्याचं नाव

आपल्याकडे माणूस पिनकोडने जागा शोधत नाही, रस्त्याने शोधतो. पाचोरा रोड, साक्री रोड, शिरसोली रोड, यावल रोड. तेव्हा 'तालुका', 'गाव किंवा शहर', 'भाग' यांच्या जोडीला 'रस्ता' हा चौथा रकाना ठेवा. आणि तो शहराखाली बांधा, कारण 'धुळे रोड' अमळनेरलाही आहे आणि चाळीसगावलाही. मोहाडी जळगावजवळ आहे आणि धुळ्याचं उपनगरही मोहाडीच. शिवाजीनगर तर जवळपास प्रत्येक शहरात. यादीतून सुचणाऱ्या नावापुढे शहर लिहिलेलं नसेल तर धुळ्याचं गिऱ्हाईक जळगावचे प्लॉट बघत बसेल.

तालुक्यांची यादी एकदाच नीट भरा: जळगाव जिल्ह्याचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, एकूण २५. जिल्हा निवडल्यावर त्याचेच तालुके यावेत.

यापुढे पर्यायी नावांचा तक्ता. वेळ लागतो, पण फायदा सगळ्यात जास्त याचाच. अजिंठा रोडला कोणी औरंगाबाद रोड म्हणतं, कोणी आता संभाजीनगर रोड. मुक्ताईनगरला जुनी माणसं एदलाबाद म्हणतात. धडगाव आणि अक्राणी ही एकाच तालुक्याची नावं. मेहरूण कोणी ऱ्हस्व उकाराने लिहितं, पिंप्राळ्याचा कोणी 'पिंपराळा' करतं. धुळ्यातली 'गल्ली नंबर ४' कोणी 'चौथी गल्ली' लिहील, कोणी 'ग. नं. ४'. इंग्रजी अक्षरांत टाइप करणाऱ्यांची स्पेलिंगं तर मोजायलाच नकोत. प्रत्येक ठिकाणाचं एक ठरलेलं नाव आणि त्याखाली त्याची सगळी रूपं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत, असा एक्सेल तक्ता करा. सर्चमध्ये हा तक्ता चढवता येतो का, हा प्रश्न विक्रेत्याला पहिल्या भेटीतच विचारा. 'आमचा सर्च स्मार्ट आहे, आपोआप ओळखतो' असं उत्तर आलं तर त्याच्यासमोर 'एदलाबाद' टाइप करून बघा.

एकापेक्षा जास्त भाग निवडायची सोय हवी, आणि तिचा अर्थ 'यापैकी कोणताही' असा लागला पाहिजे. महाबळ आणि रामानंदनगर दोन्ही निवडल्यावर शून्य निकाल आला तर यंत्रणा दोन्ही भागांत एकाच वेळी असलेलं घर शोधते आहे.

नकाशा लागतोच असं नाही

शहरातल्या फ्लॅटला उपयोगी, शेतीला बहुतेक वेळा फसवा. गट नंबरचा नेमका बिंदू हाताशी नसला की पिन गावाच्या मध्यभागी पडते आणि गिऱ्हाईक समजतं की शेत गावाला लागून आहे. शेतीला पिन देऊ नका, 'गावापासून अंतर' आणि 'डांबरी रस्त्यापासून अंतर' लिहा. प्लॉटलाही नेमकी पिन दिली तर मालक शोधून परस्पर व्यवहार होतात, हे या धंद्यातल्या कोणाला सांगायला नको. साधारण ३०० मीटरचं वर्तुळ दाखवा.

गुगलचा नकाशा ठरावीक मोफत वापरानंतर पैसे घेतो. त्याची चावी (नकाशासाठी गुगल देतो तो सांकेतिक क्रमांक) फक्त आपल्या डोमेनपुरती, म्हणजे आपल्या साइटच्या पत्त्यापुरती, बांधून घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या वापराचं बिल आपल्याला. ओपनस्ट्रीटमॅपचा खुला नकाशा आणि तो साइटवर दाखवणारं लीफलेट ही जोडी स्वस्त पडते. नकाशा पानाबरोबर आपोआप उघडू नये, बटण दाबल्यावरच उघडावा.

तीन वाटा

वर्डप्रेसवर तयार प्लगइन किंवा थीम. पाचशे लिस्टिंगपर्यंत बहुतेक एजन्सींना हीच वाट बरी. पण अमेरिकेसाठी बनवलेल्या थीममध्ये 'एमएलएस' आणि 'आयडीएक्स' यांचा गाजावाजा असतो. तिकडे एजंटांची सामाईक यादी (एमएलएस) असते आणि आयडीएक्स ती यादी आपल्या साइटवर आणतो. आपल्याकडे तशी सामाईक यादी नाही, त्यामुळे त्या सोयीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आतलं एक तपासा: वर्डप्रेसच्या पोस्टमेटा तक्त्यात (लिस्टिंगची जादा माहिती ठेवतात तो) किंमत मजकूर म्हणून साठते. प्लगइनने ती अंक म्हणून धरली नाही तर १२ लाख हे ९ लाखांच्या आधी येतात, कारण अक्षराप्रमाणे १ हा ९ च्या आधी. शिवाय असा प्रत्येक फिल्टर डेटाबेसमध्ये एक जोडणी वाढवतो आणि सात-आठ फिल्टरनंतर साइट रेंगाळते. प्रकार, तालुका, भाग हे टॅक्सॉनॉमीत (वर्डप्रेसच्या वर्गवारीत) आणि फक्त भाव-क्षेत्रफळ मेटात, अशी मांडणी मागा.

दुसरी वाट मासिक भाड्याची तयार सेवा. चालवायला सोपी, पण करारात लिहून घ्या की सगळ्या लिस्टिंग सीएसव्ही स्वरूपात (एक्सेलमध्ये उघडणारी यादी) आणि त्यांचे फोटो वेगळ्या फाइलींत कधीही काढून घेता येतील. भाडं थांबवल्यावर फोटो गेले, हे नंतर कळून उपयोग नाही.

तिसरी, स्वतः बनवून घेणं. वर सांगितलेलं एकर-गुंठे, पर्यायी नावं, प्रकारागणिक रकाने हे सगळं हवं तसं मिळतं, मात्र नंतर दुरुस्ती करणारा माणूस हाताशी हवा. टाइपसेन्स किंवा मिलीसर्चसारखं वेगळं सर्च इंजिन काही हजार लिस्टिंगपर्यंत लागत नाही, कोणी सुचवलं तर कारण विचारा.

पैसे देण्याआधी

आपल्या वहीतल्या खऱ्या पन्नास लिस्टिंग डेमोमध्ये भरायला लावा. त्यांचा पसारा जसा आहे तसाच राहू द्या. मग साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, वहीतले दहा प्रश्न शोधा. निकाल तीन सेकंदांच्या आत यावा. एखादी लिस्टिंग उघडून परत मागे आल्यावर निवडलेले फिल्टर आणि यादीतली जागा तशीच राहावी. खाली सरकत राहणाऱ्या अखंड यादीत हे हमखास बिघडतं, पानांचे आकडे बरे.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी व्हॉट्सअ‍ॅपची. सुरतेत नोकरी करणारा भाऊ गावाकडे प्लॉट बघतो आणि शोधलेली यादी घरच्या ग्रुपवर टाकतो. खानदेशातला बराचसा व्यवहार असा पुढे सरकतो. फिल्टर लावलेल्या पानाची लिंक दुसऱ्या फोनवर उघडा. तीच यादी आली पाहिजे. मुखपृष्ठ उघडलं तर निवड लिंकमध्ये जात नाही, तो सर्च घेऊ नका. लिंक गेल्यावर फोटो दिसतो का तेही बघा. त्यासाठीचा फोटो १२०० × ६३० पिक्सेल आणि शक्यतो ३०० केबीच्या आत ठेवा. लिंकचं नाव मराठीत ठेवू नका. वर्डप्रेसमध्ये त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह सांकेतिक रूपात नऊ जागा खातं, म्हणजे बावीसच चिन्हांत नाव तुटतं. वर ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टक्के-चिन्हांचा ढीग होऊन जाते.

साइट वेगवान करायला कॅशे (एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुन्हा देणारी सोय) लावला असेल तर दोन वेगळे शोध पाठोपाठ करून बघा. चुकीचं सेटिंग असेल तर पहिल्याचाच निकाल दुसऱ्याला मिळतो. आणि शून्य निकालाचं पान रिकामं नको. तिथे एखादा फिल्टर काढल्यावर किती लिस्टिंग मिळतात ते दिसावं आणि 'अशी जागा आली की कळवा' हा नंबर द्यायचा खण असावा. नंबर घेताना तो कशासाठी वापरणार हे लिहून संमती घ्या. वैयक्तिक माहितीबद्दलचा कायदा २०२३ पासून आहे.

कायद्याचे रकाने

एजंटचा महारेरा (राज्याचं रेरा प्राधिकरण) नोंदणी क्रमांक प्रत्येक पानावर दिसावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचे किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचे प्रकल्प नोंदणीत येतात, प्लॉटच्या ले-आउटसह. त्यांच्या जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता लागतो आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. निकालाच्या कार्डात या तिन्हींना जागा आहे का ते आधीच बघा, नंतर कार्ड फोडून बसवणं खर्चिक पडतं.

शेतीच्या लिस्टिंगला 'कब्जेदार वर्ग १ की २' हा रकाना सक्तीचा करा, कारण वर्ग २ च्या विक्रीवर बंधनं असतात. राज्याच्या कूळकायद्यामुळे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकता येत नाही, तेव्हा 'खरेदीदाराकडे शेतकरी दाखला हवा' ही ओळ प्रत्येक शेतीच्या कार्डावर आपोआप यावी. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्यालगतच्या तालुक्यांत आणखी एक खूण लागते: जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जात नाही. अशी जमीन सरसकट निकालात टाकू नका. 'खातेदार आदिवासी आहे का' हा रकाना भरल्याशिवाय लिस्टिंग प्रसिद्धच होणार नाही, असं बांधून घ्या.

चालू झाल्यावर

विकलेली जागा निकालात दिसत राहिली की फोनवर एकच वाक्य ऐकू येतं, 'तुमच्या साइटवर तर आहे'. प्रत्येक लिस्टिंगला ६० दिवसांची मुदत लावा. मुदत संपली की ती आपोआप लपावी आणि ऑफिसला संदेश जावा. मालकाला विचारून पुन्हा चालू करायची. इसार झालेली जागा काढून न टाकता 'बोलणी पक्की' अशी खूण करून यादीच्या शेवटी ढकला.

दर महिन्याला शून्य निकाल आलेल्या शोधांची यादी काढा. ही नोंद सर्च ठेवतो का, हेही घेतानाच विचारायचं. त्यात नावाचं वेगळं रूप दिसलं तर ते पर्यायी नावांच्या तक्त्यात घाला. रूप बरोबर असून माल नसेल, समजा वाडीभोकर रोडला वीस लाखांच्या आतलं रो हाऊस पाच जणांनी शोधलं असेल, तर त्या भागातल्या मालकांना फोन लावायला घ्या.